माद्या नेहमी देखणाच नर निवडतात, तर काही जातींतल्या नरांचा थाट नाहीसा कसा होतो?

प्रश्नातला "नेहमी" काढून टाका, अर्धं उत्तर तिथेच आहे.

हाच प्रश्न मला एमएस्सीच्या व्हायव्हात आला होता. माझं प्रोजेक्ट भिगवणच्या बदकांवर होतं. जानेवारीत पहाटे कुंभारगावहून होडीत बसायचं, पक्षी जवळ आले की नावाडीदादा बांबूने होडी रेटायचे. थंडीत पाहुणे आलेले तलवार बदकांचे नर लांबूनच कळायचे: चॉकलेटी डोकं, मानेवर चढत गेलेली पांढरी रेघ, शेपटीची लांब टोकदार पिसं. शेजारीच आपलं बारमाही हळदीकुंकू बदक. जोडी पंधरा फुटांवर होती, तरी नर कोणता ते मला सांगता येईना. दोघंही खवलेदार तपकिरी, दोघांच्या काळ्या चोचीला पिवळं टोक. दादा म्हणाले, "चोचीच्या बुडाशी बघा ताई. ज्याचं कुंकू ठसठशीत, तो नर."

मी लिहिलं, की या बदकाच्या पूर्वजांत नर बहुधा रंगीत होते आणि तो रंग नंतर गेला. एक्स्टर्नलनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, ती ओळ लाल पेनाने खोडली. "उत्क्रांती पुढे जाते. हे बदक अजून तिथवर पोचलेलं नाही, असं लिहा." मी खोडलेलं तसंच राहू दिलं. त्याचा राग अजून येतो, कारण शेपूट वर करून उथळ पाण्यात चरणाऱ्या बदकांची वंशावळ तपासून संशोधक ओमलंड यांनी १९९७ मध्येच दाखवलं होतं, की या कुळात नर-मादीतला रंगफरक एकदा नाही, पुन्हा पुन्हा गेलाय. हवाईतलं कोलोआ बदक बघा, लेसन बदक बघा, नर माद्यांसारखेच साधे.

असं का? पाहुण्या बदकांत दर हिवाळ्यात नव्या जोड्या जुळतात, तेही चार-पाच जातींच्या गर्दीत. तिथे आपल्या जातीचा नर चटकन ओळखू आलाच पाहिजे. एकाच पाण्यावर राहणाऱ्या जोडीला, किंवा बेटावर जिथे दुसरं तसं बदकच नाही तिथे, रंगाचं काम कमी होतं. मादीने रंगाकडे बघणं सोडलं की उरतो तो फक्त शिकाऱ्याच्या नजरेत भरण्याचा धोका.

कधी मादी सरळ नकारही देते. मेक्सिकोतल्या तलवारशेपटी माशांमध्ये बर्चमनाय नावाच्या जातीत नरांची तलवार, म्हणजे शेपटीचं लांब टोक, जवळपास गेलीच आहे. वाँग आणि रोझेंथाल या संशोधकांनी २००६ मध्ये तिच्या माद्यांपुढे दोन्ही प्रकारचे नर ठेवले, तर त्यांची पसंती बिनतलवारीच्यांना! "मादी भुलते" हे वाक्य मला म्हणूनच खपत नाही. ती पारखते, आणि तिची पारख बदलते.

मात्र सगळं माद्यांच्या खात्यावर टाकू नका. हवाईच्याच कौआई बेटावर रातकिड्यांचे बहुतेक नर वीसेक पिढ्यांत मुके झाले, ते एका माशीमुळे. गाण्याच्या आवाजावर ती नर शोधते आणि तिच्या अळ्या त्याला आतून खातात. माद्यांना गाणं अजून हवंच आहे. म्हणून मुके नर उरल्यासुरल्या गाणाऱ्याच्या आसपास जाऊन बसतात, गाण्याकडे येणारी मादी गाठायला.

परीक्षेसाठी विचारत असाल तर साध्या नराला "अविकसित" म्हणू नका. कोणी ओळ खोडली तर वंशावळीचं चित्र तिथल्या तिथे टेबलावर ठेवा. ओमलंड यांच्या निबंधाची झेरॉक्स त्या दिवशी माझ्या पिशवीत होती.