महाराष्ट्रात पन्नास वर्षांपासून लोकायुक्त आहे, तरी सरकारी कचेरीतला भ्रष्टाचार का हटत नाही?

तुम्ही विचारलंय की लोकायुक्त आहे, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आहे, माहितीचा अधिकार आहे, नवा लोकायुक्त कायदाही झाला, तरी कचेरीत पैसे दिल्याशिवाय काम का होत नाही. या सुधारणा नुसत्या कागदावरच्या आहेत का?

राज्य शासनाच्या एका विभागात टिपण्या लिहिण्यातच माझी सगळी नोकरी सरली. तिथून जे दिसलं ते सांगतो. सगळ्याच सुधारणा कागदावरच्या नव्हत्या, काहींनी खरंच फरक पडला. पण बहुतेक कायद्यांना एक मागचं दार ठेवलेलं असतं, आणि त्याची किल्ली ज्याची चौकशी व्हायची त्याच्याच माणसांकडे असते.

लोकायुक्तच घ्या. १९७१ चा कायदा आणि १९७२ मध्ये प्रत्यक्ष कार्यालय, म्हणजे देशात सगळ्यात आधी आपलं. पण अधिकार काय, तर चौकशी करून शिफारस करायची. शिफारस मानायची की नाही हे शासनाने ठरवायचं. शेजारी कर्नाटकात लोकायुक्तांच्या हाताखाली स्वतःचे पोलीस होते. २०११ मध्ये तिथले लोकायुक्त संतोष हेगडेंनी बेकायदा खाणींवरचा अहवाल दिला आणि त्याच महिन्यात येडियुरप्पांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. मग २०१६ मध्ये तिथल्या सरकारने वेगळा लाचलुचपत विभाग काढून ते पोलीस काढून घेतले. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ते परत मिळवून दिले. एकदा दात दिसले की ते काढायची घाई कुठल्याही पक्षाच्या सरकारला असते. केरळात २०२१ मध्ये लोकायुक्तांच्या निकालामुळे एका मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला, पुढच्याच वर्षी तिथल्या विधानसभेने कायदा पातळ केला.

आपल्याकडे २०१९ मध्ये अण्णा हजारे राळेगणसिद्धीत उपोषणाला बसल्यावर नव्या कायद्याचा मसुदा करायला समिती नेमली गेली. विधेयक विधानसभेत डिसेंबर २०२२ मध्ये आणि परिषदेत डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झालं. मुख्यमंत्रीही त्याच्या कक्षेत आले, बातमी तीच झाली. पण मुख्यमंत्र्यांची चौकशी करायची तर आधी विधानसभेच्या एकूण सदस्यांपैकी दोन तृतीयांश जणांची संमती हवी. बहुमत असल्याशिवाय माणूस मुख्यमंत्री होत नाही, तेव्हा ही संमती कधी मिळणार याचा हिशोब तुम्हीच करा.

अधिकाऱ्यांचंही तेच. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये कलम १७-अ आलं. कर्तव्य बजावताना घेतलेल्या निर्णयाची चौकशी करायची तर आधी शासनाची परवानगी. पुढे खटला भरायला पुन्हा मंजुरी. प्रामाणिक अधिकाऱ्याला नाहक त्रास होऊ नये हे कारण खोटं नाही. खोट्या तक्रारींनी हैराण झालेले सहकारी मी पाहिलेत. पण परवानगीची फाईल ज्या विभागात फिरते तो त्याच अधिकाऱ्याचा विभाग असतो.

माझ्या मते खरा बाजार मात्र लाचेच्या टेबलावर नसून बदल्यांत आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. २००५ चा बदल्यांचा आणि दफ्तर दिरंगाईचा कायदा वाचायला फार छान आहे. एका पदावर साधारण तीन वर्षं. कोणाच्याही टेबलावर फाईल कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. आता व्यवहार बघा. सातव्या दिवशी फाईलवर 'कृपया चर्चा करावी' एवढा शेरा मारला की ती परत खाली. नियम पाळला गेला, फाईल जागच्या जागी! बदल्यांत पळवाट आणखी सोपी. 'विशेष कारण लेखी नमूद करून' मुदतीआधी बदली करता येते. अपवाद म्हणून ठेवलेली ही तरतूद नेमाची झाली. विशेष कारणाच्या रकान्यात 'प्रशासकीय कारणास्तव' लिहायचं आणि सोबत आमदारांचं शिफारसपत्र. अशा बदल्या मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, कितीदा तरी रद्द झाल्यात, पण तिथे जायची हिंमत आणि वकिलाची फी प्रत्येकाकडे नसते. ज्याने मलईची जागा पैसे मोजून घेतलीय तो वसुली करणारच, आणि ती तुमच्याकडून. तुम्हाला दिसतो तो पैसे मागणारा कारकून; त्याच्या वरची साखळी दिसत नाही.

फरक पडला तो माणसाची गाठ घेणंच जिथे संपलं तिथे. डिजिटल सातबारा घरबसल्या पंधरा रुपयांत निघायला लागला आणि नुसत्या उताऱ्यासाठी तलाठ्याच्या मागे फिरणं संपलं. फेरफाराची नोंद मात्र अजून माणसाच्या हातात, म्हणून तिथले लाचेचे सापळे थांबलेले नाहीत. माहिती अधिकाराने टिपणी लिहिणाऱ्याला धाक बसला, हे मी छातीठोकपणे सांगेन. राज्याचा कायदा ऑगस्ट २००३ मध्ये लागू झाला, केंद्राच्या आधी दोन वर्षं. (त्याचा दुसरा परिणाम असा की अडचणीचे आदेश तोंडी यायला लागले.)

तुमचं काम आत्ता अडलंय असं गृहीत धरून सांगतो. अर्ज दिल्याची तारखेसह पोच घ्याच. ती सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित असेल तर 'आपले सरकार' पोर्टलवरून अपील करा. दोन अपिलं खात्यातच, तिसरं लोकसेवा हक्क आयोगाकडे. दंड ५०० ते ५,००० रुपये, रक्कम किरकोळ आहे, पण नोटीस आली की टेबलं हलतात. उघड पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ वर फोन करा. लाच घेताना जागेवर पकडायला कलम १७-अ ची परवानगी लागत नाही, म्हणूनच सापळे यशस्वी होतात आणि मोठ्या निर्णयांच्या चौकश्या रखडतात. पैसे आधीच देऊन बसला असाल तर घाई करा: लाच देणं हाही आता गुन्हा आहे, पण ती जबरदस्तीने द्यावी लागली आणि सात दिवसांत तक्रार केली तर देणाऱ्याला कायद्याने सूट आहे.