आधी ग्रँडपॅरेंट, मग पॅरेंट: असं का?

प्रश्न: मी एम.टेक.च्या पहिल्या सेमिस्टरला आहे. अ‍ॅडव्हान्स्ड डेटा स्ट्रक्चर्समध्ये सध्या स्प्ले ट्री चालू आहे, म्हणजे लहान आकडे डावीकडे, मोठे उजवीकडे ठेवणारं आणि घातलेला किंवा शोधलेला नोड (झाडातला एक आकडा) दरवेळी रूटला, म्हणजे सर्वांत वर आणणारं झाड. झिग-झिगमध्ये, म्हणजे नोड आणि त्याचा पॅरेंट (लगेच वरचा नोड) दोघंही एकाच बाजूला लोंबत असताना, आधी ग्रँडपॅरेंटवर (पॅरेंटच्या वरच्या नोडवर) रोटेशन, म्हणजे त्याला खाली ढकलून त्याच्या खालच्याला वर आणणं, मग पॅरेंटवर, असं सरांनी सांगितलं. मी नोड एकेक रोटेशन देत वर नेला, तरी तो रूटला पोचलाच. मग हा क्रम पाठ कशाला करायचा?
– एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर: पाठ करूच नकोस, वहीत काढून बघ. रिकाम्या स्प्ले ट्रीत १ ते ७ चढत्या क्रमाने घाल. डावीकडे उतरणारी सरळ साखळी मिळेल: रूटला ७, तळाला १. आता १ शोध.

तुझ्या पद्धतीने १ वर आला, की त्याच्या उजवीकडे ७ आणि ७ च्या डावीकडे ६, ५, ४, ३, २ ही साखळी तशीच लोंबत राहते. पातळ्या आधी सात, नंतरही सात. लगेच २ शोधलास तर पुन्हा सहा पायऱ्या. नियमाप्रमाणे केलंस तर १ च्या उजवीकडे ६ येतो, ६ खाली ४ आणि ७, ४ खाली २ आणि ५, आणि २ च्या उजवीकडे ३. पातळ्या पाच, २ फक्त तीन पायऱ्यांवर. खाली उतरताना जी लांब वाट तुडवली, तीच वर येताना आखूड होते. सगळी करामत इथे आहे.

सात आकड्यांत फरक लहान वाटेल. पण अशा साखळीत n आकडे ओळीने शोधले, तर तुझ्या पद्धतीला n² च्या पटीत काम पडतं. स्प्ले ट्रीत एकूण काम n च्याच पटीत राहतं, हे संगणकशास्त्रज्ञ रॉबर्ट टार्जनने १९८५ मध्ये सिद्ध केलं. १९६२ च्या एव्हीएल ट्रीसारखा (दोन्ही बाजूंची उंची जवळपास सारखी ठेवणारं झाड) उंचीचा हिशेबही नोडमध्ये ठेवावा लागत नाही. मला ही रचना त्यासाठीच फार आवडते.

आता खर्चाच्या प्रूफमधलं पोटेन्शियल फंक्शन, म्हणजे प्रत्येक नोडच्या सबट्रीच्या (तो नोड आणि त्याच्या खालचे सगळे) आकाराचा लॉग घेऊन केलेली बेरीज. लॉगची बेरीज म्हणजे आकारांच्या गुणाकाराचा लॉगच, म्हणून नुसता गुणाकार करून बघ. साखळीचा ५०४०. तुझ्या पद्धतीनंतरही ५०४०. झिग-झिगनंतर ७×६×४×२, म्हणजे ३३६. महागड्या शोधाचा खर्च या घटीतून भागतो. परीक्षेत प्रूफ लिहिण्याआधी ही दोन झाडं शेजारी-शेजारी काढ.