लिनक्सकडे वळण्यापूर्वीची तयारी

विंडोज सोडून लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम वापरण्याचा आपला विचार चांगला आहे आणि त्यासाठी तज्ज्ञ असावे लागत नाही. मात्र पूर्वतयारी घाईत उरकू नका.

सर्वाधिक वेळ बॅकअपला द्या. कागदपत्रे, छायाचित्रे, बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, त्यांतील काही फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा आणि इन्स्टॉलेशनच्या वेळी ती डिस्क जोडलेली ठेवू नका, कारण पुसण्यासाठी चुकीची डिस्क निवडली जाणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. बिटलॉकर (डिस्कवरील माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) सुरू असल्यास त्याची रिकव्हरी की आधीच लिहून ठेवा.

लिनक्सचे अनेक प्रकार आहेत; लिनक्स मिंट किंवा उबुंटूची एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी) आवृत्ती, यांपैकी कोणतीही एक निवडा. या निवडीवर आठवडे घालवणे माझ्या मते व्यर्थ आहे. ती अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून रिकाम्या पेनड्राइव्हवर चढवा आणि काहीही इन्स्टॉल न करता लाइव्ह पद्धतीने, म्हणजे थेट पेनड्राइव्हवरून, चालवून पुढील गोष्टी तपासा (वेग थोडा कमी वाटेल, ते स्वाभाविक आहे):

- वाय-फाय आणि ब्लूटूथ
- आवाज व कॅमेरा
- प्रिंटर

आपले रोजचे काम कोणत्या प्रोग्रॅमवर अवलंबून आहे, हेही पाहा. लिब्रेऑफिस (कागदपत्रे व तक्ते करण्याचा प्रोग्रॅम) आणि फायरफॉक्स ब्राउझर विंडोजवरही चालतात, त्यामुळे त्यांची सवय आजपासूनच करता येईल. फोटोशॉपसारखा प्रोग्रॅम अपरिहार्य असेल, तर विंडोज न पुसता त्याच संगणकावर लिनक्सच्या शेजारी राहू द्या.

स्वतःच्या हाताने पार्टिशन (डिस्कचे भाग) आखणे, कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलणे हे विषय सध्या बाजूला ठेवा आणि अर्थ न कळलेली कोणतीही आज्ञा टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) चिकटवू नका.