कॅमल उजवीकडे वळव भाऊ

प्रश्न: दादा, आम्ही चार मावसभाऊ सुट्टीत अमळनेरला जमलो की पहिल्या महायुद्धातल्या विमानांचा बोर्ड गेम खेळतो. सगळे पुढच्या तीन चाली गुपचूप लावतात आणि मग एकदम उघडतात. माझ्याकडे सोपविथ कॅमल असतं, मोठ्या भावाकडे फोकरचं तीन पंखांचं विमान, आणि दर वेळी तोच माझ्या शेपटीला लागतो. माझं काय चुकतंय? वर कूलर लावला की सोंगट्या उडतात ते वेगळंच.
– एक वाचक, अमळनेर

उत्तर: भाऊ, आधी हे सांग, तू डावीकडे किती वेळा वळतोस? कॅमलमध्ये पुढच्या पंख्याबरोबर अख्खं इंजिनच गरगर फिरायचं, त्यामुळे ते उजवीकडे झटकन वळायचं आणि डावीकडे रेंगाळायचं, इतकं की काही पायलट डावीकडे ९० अंश वळण्याऐवजी उजवीकडून २७० अंश फिरून यायचे असं सांगतात. बऱ्याच गेमच्या नियमात हा फरक धरलेला असतो, तुझी चालींची कार्डं एकदा शेजारी शेजारी मांडून बघ.

पण नुसतं गोल गोल फिरत बसू नको, फोकरही वळायला तेवढंच चपळ आणि वर चढायला तर फारच भारी. म्हणून उंची पहिल्या चालीपासून जमवायची. जर्मन पायलट बोल्केने १९१६ मध्ये जे नियम घालून दिले त्यातही आहे, हल्ल्याआधी वरचढ जागा मिळवा, सूर्य पाठीशी ठेवा आणि अगदी जवळ गेल्यावरच गोळी झाडा. तू लांबून फासे टाकत असशील तर ते आधी बंद कर.

आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की भाऊ आत्ता कुठंय ते बघून चाल लावायची नाही, तीन चालींनंतर तो कुठं असेल तिथं आपलं नाक आणायचं. तो मागे लागला की त्याला वाटतं तू पळणार, तेव्हाच उजवीकडे वळ, तो पुढे निघून जातो.

एकदा एस.ई. ५ए हे ब्रिटिश विमान पण घेऊन बघ, आपल्या भारतीय पायलट इंद्रलाल रॉयने त्याच विमानातून जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत १० विजय मिळवले, वय फक्त १९, आणि त्याच महिन्यात तो लढताना मारला गेला.

कूलर बंद करू नको, मे महिन्यात अमळनेरला ते जमायचं नाही. सोंगटीच्या खाली लोखंडी वॉशर फेविक्विकने चिकटव, आणि उंची दाखवायला त्याच्याखाली सोड्याच्या बाटलीच्या झाकणांची चळत लाव.