लांडग्यांसाठी काम करायचंय, मग कॉमर्स सोडायचं का?

प्रश्न : मी कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेत असल्यापासून लांडग्यांविषयी मिळेल ते वाचते. माणसांनी पाळून नंतर सोडून दिलेल्या, जंगलात परत जाऊ न शकणाऱ्या लांडग्यांना सांभाळणाऱ्या आश्रयस्थानात काम करायचं, हे माझं ठरलं आहे. त्यासाठी कॉमर्स सोडून प्राणिशास्त्राला पहिल्या वर्षापासून प्रवेश घ्यावा असं वाटतं. बाबा म्हणतात, देणग्यांवर चालणारी संस्था तुला पगार काय देणार? एका ठिकाणी पैसे भरून महिनाभर स्वयंसेवक म्हणून राहता येतं आणि पिल्लांना हाताळायलाही मिळतं. आधी ते करू का?

उत्तर : कॉमर्स सोडू नकोस. तुझी आवड चार दिवसांची आहे असं मला मुळीच वाटत नाही. उलट, अशा संस्थांना ज्या माणसांची कायम चणचण असते, त्यांच्यापैकी एक होण्याच्या वाटेवर तू आधीच आहेस, आणि हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

आश्रयस्थानात कोणते लांडगे येतात ते आधी बघ. कुणी हौसेनं घरी आणलेले आणि वर्ष-दोन वर्षांत डोईजड झालेले, लांडगा आणि कुत्रा यांच्या संकरातून जन्मलेले, बंद पडलेल्या प्राणिसंग्रहालयांतले. यांतले बहुतेक जंगलात सोडता येत नाहीत. माणसाविषयीची भीती गेलेली असते, शिकार कधी शिकलेले नसतात, आणि संकर मोकळे सोडले तर रानातल्या लांडग्यांचाच वंश धोक्यात येतो. म्हणजे जो आत आला तो शेवटपर्यंत तिथेच राहणार. जंगलातल्या लांडग्याला सहा-आठ वर्षांचं आयुष्य लाभलं तरी खूप. देखभालीत तो १२ ते १५ वर्षंही जगतो. एका पिल्लाला आज 'हो' म्हणणारी संस्था पुढच्या दीड दशकाचं मांस, औषधं, म्हातारपणी धरणारे सांधे आणि झिजणारे दात या सगळ्याची जबाबदारी घेते. हा हिशेब कुणीतरी मांडावा लागतो. तो न मांडता केवळ कळवळ्यापोटी प्राणी घेत गेलेल्या संस्था कोलमडतात, आणि मग त्यांच्याच लांडग्यांसाठी दुसरीकडे जागा शोधत फिरावं लागतं. 'आता आणखी एकही घेता येणार नाही' हे वेळेवर सांगता येईल इतके स्पष्ट आकडे समोर ठेवणारा माणूस तिथे पशुवैद्याइतकाच मोलाचा असतो.

देणगी कशासाठी येते तेही समजून घे. पिल्लाचा फोटो दिसला की लोक देतात, नव्या आवारासाठी देतात, एखाद्या शस्त्रक्रियेसाठी तर भरभरून देतात. पण लांडगा जमीन उकरतो, म्हणून कुंपणाची जाळी खाली आतल्या बाजूला वळवून जमिनीत पुरलेली असते. ती गंजते, ती बदलावी लागते. त्या जाळीसाठी, विम्यासाठी, कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी आपणहून पैसे देणारे फार थोडे. शस्त्रक्रियेसाठी आलेली रक्कम देणगीदाराला न विचारता मांसाच्या बिलाला लावता येत नाही, ती वेगळी दाखवावी लागते. वर्षातून एकदा मोठी रक्कम देणाऱ्या एकाच दात्यावर सगळा डोलारा उभा असेल, तर त्यानं हात आखडता घेतला की संस्था अडचणीत येते. दरमहा थोडं देणारी शंभर माणसं असतील तर पुढच्या महिन्याचा अंदाज तरी बांधता येतो. हे सगळं तू वर्गात शिकते आहेस. फक्त तिथलं उदाहरण कुठल्यातरी कंपनीचं असतं.

बऱ्याच आश्रयस्थानांत प्रतीकात्मक दत्तक योजना असते. देणगीदार एक लांडगा निवडतो, त्याला फोटो आणि प्रमाणपत्र मिळतं, अधूनमधून खुशाली कळवली जाते. लांडगा अर्थातच जागचा हलत नाही. आता विचार कर, तो लांडगा म्हातारा होऊन जातो तेव्हा काय होतं? त्याच्या नावानं वर्षानुवर्षं पैसे पाठवणाऱ्या प्रत्येकाला ते कळवायचं असतं. शेवटच्या दिवसांत काय झालं, वैद्यांनी काय ठरवलं, त्याची जोडीदारीण आता कशी आहे, हे खरं आणि नीट लिहायचं असतं. त्या पत्रात पुन्हा पैशांची आठवण करून द्यायची नसते, तरीही देणगीदारानं पुढे दुसऱ्या लांडग्याची जबाबदारी घ्यावी अशी आशा असते. मला विचारशील तर या क्षेत्रातलं हे सगळ्यात अवघड लेखन आहे. ज्याला लांडगे कळतात आणि देणगीदाराचाही मान ठेवता येतो, त्यालाच ते जमतं.

स्वयंसेवकांचं काम बाहेरून वाटतं त्याहून वेगळं असतं. पाण्याच्या टाक्या घासणं, मांस तोडून वजन करून ठेवणं, वादळानंतर कुंपणावर पडलेल्या फांद्या हटवणं, आलेल्यांना माहिती देणं, पाकिटं भरणं. दोन दारांच्या मधल्या जागेत उभं राहून मागचं दार लागल्याची खात्री झाल्याशिवाय पुढचं उघडायचं नाही, हा नियम रोज पाळणं. यात लांडग्याला हात लावण्याचा प्रसंग बहुधा येतच नाही, आणि जिथे लांडगे जंगलात सोडण्यासाठी तयार केले जातात तिथे तर माणसानं दिसायचंही नसतं. मेक्सिकन लांडग्याचं उदाहरण घे. १९७७ ते १९८० या काळात मेक्सिकोत उरलेले पाच लांडगे पकडले गेले आणि त्यांचं प्रजनन सुरू झालं. पुढे बंदिवासातल्या इतर थोड्यांचा वंशही त्यात मिळवला गेला. आजचे सगळे मेक्सिकन लांडगे अवघ्या सात पूर्वजांपासून आले आहेत. १९९८मध्ये अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात ते पुन्हा जंगलात सोडले गेले. या कामात सरकारी यंत्रणेबरोबर देणग्यांवर चालणाऱ्या संस्थांचाही हात आहे. सेंट लुईसजवळचं १९७१मध्ये सुरू झालेलं एन्डेंजर्ड वुल्फ सेंटर, वॉशिंग्टन राज्यातलं १९८२पासूनचं वुल्फ हेवन, न्यूयॉर्क राज्यातलं १९९९पासूनचं वुल्फ कॉन्झर्वेशन सेंटर ही त्यांतली काही नावं.

आता तिथे जन्मलेली पिल्लं दोन आठवड्यांची व्हायच्या आत जंगलातल्या, त्याच सुमारास व्यालेल्या मादीच्या बिळात नेऊन ठेवतात. बिळातली आणि बाहेरून आणलेली पिल्लं एकत्र करून, त्यांना तिथली माती आणि एकमेकांची लघवी लावून वास एक केला जातो, म्हणजे मादी सगळ्यांनाच आपलं मानते. हातात वेळ फार थोडा असतो. काही वेळा ही पिल्लं लाइटहॉक या संस्थेचे स्वयंसेवक वैमानिक आपल्या छोट्या विमानांतून नेतात. त्या वैमानिकांनी प्राणिशास्त्र सोड, लांडग्यांविषयीही काही शिकलेलं असायची गरज नाही. आपल्याला जे उत्तम येतं तेच त्यांनी देऊ केलं.

म्हणून पैसे भरून पिल्लांना हाताळायला देणाऱ्या त्या ठिकाणी जाऊ नकोस. स्वयंसेवकाकडून राहण्याखाण्याचा खर्च घेणं यात गैर काही नाही, बऱ्याच चांगल्या संस्थाही तो घेतात. माझी हरकत पिल्लांना आहे. आश्रयस्थानात दरवर्षी नवी पिल्लं कुठून येतात, हा प्रश्न त्यांना विचार. मान्यताप्राप्त संवर्धन कार्यक्रमाचा भाग नसताना जिथे प्रजनन होतं, तिथे पिल्लं पाहुण्यांसाठी जन्माला घातली जातात. ती मोठी झाल्यावर त्यांचं काय होतं, याचं उत्तर मिळालं नाही तर तेच उत्तर समज. कुठल्याही संस्थेकडे जाण्याआधी तिचे तपासलेले हिशेब, प्रजननाविषयीचं धोरण आणि संस्थापक उद्या नसले तर काय, याची व्यवस्था बघ. चांगली संस्था या प्रश्नांनी दुखावत नाही.

बाबांची काळजी अर्धी बरोबर आहे, आणि ती उडवून लावू नकोस. लहान आश्रयस्थानांत पगारी माणसं मोजकीच असतात, पगारही बेताचे. प्राण्यांच्या थेट देखभालीच्या एका जागेसाठी अर्जांचा ढीग पडतो. पण देणगी विभाग, हिशेब आणि स्वयंसेवकांचं नियोजन या कामांसाठी माणूस मिळत नाही, आणि मिळाला तरी टिकत नाही. शिवाय हे कौशल्य रुग्णालय, शाळा, ग्रंथालय अशा देणगीवर चालणाऱ्या कुठल्याही संस्थेत चालतं. लांडग्यांच्या संस्थेत जागा निघेपर्यंत तू दुसरीकडे पगारावर काम करत अनुभव मिळवू शकतेस. एखाद्या संस्थेचा वार्षिक अहवाल घेऊन बाबांबरोबर बस. त्यात पगारावरचा खर्च वेगळा दाखवलेला असतो.

पदवी पूर्ण कर. तोवर जवळच्या कुठल्याही प्राणीनिवाऱ्यात आठवड्याचा एक ठरलेला दिवस दे, तो परीक्षेचे दिवस सोडले तर चुकवू नकोस. पहिले काही महिने झाडलोट कर, मग त्यांच्या देणगीदारांची यादी नीट लावून देऊ का, असं विचार. बहुतेक ठिकाणी ती कुणाच्या तरी वहीत आणि कुणाच्या तरी फोनमध्ये विखुरलेली असते. धर्मादाय संस्थांचे हिशेब आणि निधी उभारणी यांचा एखादा लहान अभ्यासक्रम सोबत कर. लेखन सुधार, कारण देणगीदार तुझ्याशी बहुतेक कागदावरच भेटणार आहे. मग शेवटच्या वर्षाच्या सुट्टीत आश्रयस्थानातल्या इंटर्नशिपसाठी अर्ज कर आणि अर्जात लांडग्यांवरच्या प्रेमाला एक ओळ दे, उरलेल्या पानात तू लावून दिलेल्या त्या यादीविषयी लिही.

हे सगळं करूनही कुंपणाच्या आतलंच काम हवं असं वाटत राहिलं, तर तो मार्ग बंद होत नाही. प्राणी देखभालीचे आणि पशुवैद्यकीय साहाय्यकाचे अभ्यासक्रम पदवीनंतरही करता येतात. तेव्हा मला पुन्हा लिही, आणि पत्रात सांग की हिवाळ्यातल्या पहाटे गोठलेली टाकी फोडण्याचं काम तुला कसं वाटलं.