कॅमेरे वेगळ्या सबनेटवर नेताना
नेटवर्कवर चालणारे सुरक्षा कॅमेरे १९२.१६८.१.० या सबनेटमधून (नेटवर्कमधल्या पत्त्यांच्या गटातून) १९२.१६८.२०.० मध्ये न्यायचे असतील, तर राउटरला हात लावण्याआधी प्रत्येक कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये नवा आयपी पत्ता, सबनेट मास्क (सबनेटची व्याप्ती ठरवणारा आकडा) आणि गेटवे (सबनेटबाहेर जाण्यासाठीचा राउटरचा पत्ता) हे तिन्ही एकदमच बदलावेत. अन्यथा स्थिर पत्ता दिलेला कॅमेरा जुन्याच पत्त्यावर राहतो आणि आपल्याला दिसेनासा होतो. तसे झालेच, तर रीसेटची घाई न करता लॅपटॉपला तात्पुरता जुन्या सबनेटमधला पत्ता देऊन त्याच स्विचला जोडावे. कॅमेऱ्याचे पान बहुधा लगेच उघडते.

एनव्हीआरचा (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या रेकॉर्डरचा) आपोआप शोध दुसऱ्या सबनेटमधले कॅमेरे सहसा दाखवत नाही, कारण तो मल्टिकास्टवर (एकाच वेळी अनेक उपकरणांना पाठवलेल्या संदेशांवर) चालतो आणि घरगुती राउटर ते पलीकडे नेत नाहीत. तेव्हा पत्ते हाताने भरावेत, किंवा एनव्हीआरही कॅमेऱ्यांच्याच सबनेटमध्ये ठेवावा, जे मला अधिक सोयीचे वाटते. (एनव्हीआरच्या मागच्या, नेटवर्क केबलमधूनच वीजही देणाऱ्या पीओई पोर्टांना जोडलेले कॅमेरे बहुधा त्याच्या अंतर्गत सबनेटवरच असतात; त्यांना हलवण्याचे कारणच नाही.)

नुसते पत्ते बदलल्याने कॅमेरे इतर उपकरणांपासून वेगळे होत नाहीत. त्यासाठी व्हीएलएएन (त्याच स्विचवर केलेले वेगळे आभासी नेटवर्क) आणि फायरवॉलचे नियम लागतात. कॅमेऱ्यांचे इंटरनेट बंद करणार असाल, तर एनटीपीची (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याची) सोय राउटरवर किंवा एनव्हीआरवर करून द्यावी, नाहीतर चित्रणावरची वेळ हळूहळू चुकत जाते.