फोन लपवला तरी मूर्ती जात नाही

प्रश्न : मावशी, प्रभूत सलाम. मी इंदूरला विजयनगरमध्ये राहते, वय 38. आजोबा नगर जिल्ह्यातून इथे मिशनच्या दवाखान्यात कामाला आले तेव्हापासून आम्ही इंदूरचेच, घरात तीन पिढ्या ख्रिस्ती, रविवार कधी चुकत नाही. मी घरून केक करून विकते, इन्स्टाग्रामवर पेज आहे आणि ते बऱ्यापैकी चाललंय. गेल्या महिन्यात माझी भाची आली होती तेव्हा ती आणि माझा 9 वर्षांचा मुलगा चर्च-चर्च खेळत होते. ती पाळक झाली, हा बाकावर बसला, आणि याने गीतांचं पुस्तक उघडून त्यात माझा जुना मोबाइल ठेवला, मान खाली घातली आणि अंगठा चालवायला लागला. भाचीने विचारलं अरे तू काय करतोयस, तर म्हणाला, मी मम्मी झालोय. मावशी, मी किचनमध्ये जाऊन रडले. त्या दिवशी अ‍ॅप डिलीट केलं, चार दिवसांनी ऑर्डरी येईनात म्हणून परत टाकलं, परत काढलं, परत टाकलं. प्रार्थनेला बसते तर शब्दच येत नाहीत, नुसतं अ‍ॅक्टिंग केल्यासारखं वाटतं. चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घेऊ की नको तेही कळत नाही. काय करू?

उत्तर : अगं पोरी, तुझं पत्र वाचून मी बराच वेळ तशीच बसले होते. मुलाने तुला चिडवलं नाही, त्याने जे पाहिलं तेच केलं, लहान पोरं घरातली भक्ती अशीच शिकतात, आपण शिकवतो ती नाही तर करतो ती. पण तू रडलीस ना, ते मला फार मोलाचं वाटतं. ज्याला काहीच वाटत नाही तो पत्र लिहीत नाही.

आधी एक गोष्ट नीट समजून घे. मोबाइल ही मूर्ती नाही आणि केकचा धंदा तर मुळीच नाही, ते तुझ्या हातातलं काम आहे आणि ते चांगलं कर. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने 1529 साली मंडळीला शिकवण्यासाठी पहिल्या आज्ञेबद्दल, म्हणजे माझ्याशिवाय तुला दुसरे देव नसावेत याबद्दल, लिहिलं त्याचा भावार्थ असा, की तुझं मन ज्याला लटकलेलं आहे, ज्याच्या भरवशावर आहे, तोच खरा तुझा देव. म्हणजे सोन्याचं वासरू लागतंच असं नाही. मध्यरात्री जाग आल्यावर पहिला हात कुठे जातो, काय गेलं तर आपण कोणीच उरणार नाही असं वाटतं, कोणाच्या एका शब्दाने अख्खा दिवस चांगला किंवा वाईट जातो, ते बघ. तुझ्या बाबतीत ते केक नाहीत, तो स्क्रीनवरचा आकडा आहे, आज किती जणांना मी आवडले. माझ्या पिढीत तेच प्लॉटचं होतं, मुलाच्या मार्कांचं होतं, चार लोक काय म्हणतील याचं होतं. प्रेषित पौलाने कलस्सै शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात लोभालाच सरळ मूर्तिपूजा म्हटलंय, आणि लोभ काही फक्त पैशाचा नसतो.

आता डिलीट करून परत टाकण्याचं. हे मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय, कोणी सिरियल बंद करतं, कोणी शेअरचं अ‍ॅप काढतं, आठवड्याने सगळं जागच्या जागी. मला वाटतं आपण उलट्या बाजूने सुरुवात करतो. इसवी सन 50 च्या सुमारास पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला पत्र लिहिलं. थेस्सलनीका म्हणजे बंदराचं, व्यापाराचं शहर, तिथे कामधंद्यालाही देव चिकटलेले. त्यांच्याबद्दल तो लिहितो की तुम्ही मूर्तींपासून देवाकडे वळलात. आपल्या मराठी बायबलात मूर्ती आधी येतात, पण मूळ ग्रीकमध्ये क्रम वेगळा आहे, देवाकडे वळलात, मूर्तींपासून. आधी तोंड त्याच्याकडे वळलं, मग पाठ आपोआप दुसरीकडे झाली. आपण काय करतो, मूर्तीकडेच तोंड करून तिच्याशी भांडत बसतो, आज तुला हात लावणार नाही, आज तुला बघणार नाही, आणि भांडताना पण डोळे तिच्यावरच असतात की.

यिर्मयाच्या दुसऱ्या अध्यायात देव म्हणतो, माझ्या लोकांनी दोन दुष्कर्मं केली, मला जिवंत पाण्याच्या झऱ्याला सोडलं आणि आपल्यासाठी फुटके हौद खोदले. तू इंदूरची आहेस, तुला हे मी काय सांगायचं. नर्मदेचं पाणी जलूदहून जवळजवळ 70 किलोमीटर वर चढवून आणतात, नळ एक दिवसाआड, नळ आला की घरोघरी मोटरी सुरू. आमच्या गल्लीत एका घरी टाकीला बारीक चीर गेली होती, बाहेरून दिसायची नाही, रोज भरायचे आणि संध्याकाळी नळ कोरडा, मग मोटर आणखी अर्धा तास चालवायची, परत तेच. लाइक्सचं असंच आहे बघ. कमी पडतायत म्हणून आपण आणखी भरतो. कमी पडत नाहीयेत गं, टाकीच ते धरून ठेवू शकत नाही.

कोरड्या प्रार्थनेची तू सगळ्यात जास्त लाज वाटून घेतलीयेस, मला मात्र तिथेच आशा दिसते. योहानाच्या चौथ्या अध्यायातली विहिरीवरची शोमरोनी बाई आठव. आपण नेहमी ते एकच वाक्य घेतो, खरे उपासक आत्म्याने व खरेपणाने उपासना करतील, आणि खरेपणा म्हणजे डोळ्यात पाणी, मन भरून येणं असं काहीतरी धरून बसतो. पण ते वाक्य यायच्या आधी काय झालं ते बघ ना. प्रभू तिला म्हणाला नवऱ्याला बोलावून आण, ती म्हणाली मला नवरा नाही, आणि तो म्हणाला तू बरोबर बोललीस, पाच झाले आणि आता आहे तो तुझा नाही. तिने मग लगेच विषय बदलला, या डोंगरावर उपासना करायची की यरुशलेमात, जसं आपण पण बदलतो. पण प्रभूने तिला खरेपणाची उपासना सांगितली ती तिचं घरचं सगळं उघडं पडल्यावर. म्हणजे खरेपणा तुझ्या "शब्द येत नाहीत" पासूनच सुरू होतो. तेच त्याला सांग. "प्रभू, मला आत्ता तुझ्यापेक्षा फोन बघावासा वाटतोय" हे एक वाक्य मोठ्याने बोललीस तरी ती अ‍ॅक्टिंग राहिली नाही, ती प्रार्थना झाली.

आणि हे सगळं करायचं कसं म्हणशील तर अगदी साधं सांगते. रात्री फोन स्वयंपाकघरात ठेव, उशाला नको, गजराचं घड्याळ 200-300 रुपयांत मिळतं. सकाळी कणीक मळायच्या आधी 10 मिनिटं एक स्तोत्र मोठ्याने वाच, मनात नाही, तुझ्या कानाला ऐकू येईल असं. 42वं घे, त्यात तो माणूस स्वतःच्याच जिवाला विचारतो की तू का खिन्न झालास, म्हणजे कोरडं पडलेली तू पहिली नाहीस. ऑर्डरींना उत्तर द्यायच्या दोन वेळा ठरव आणि पेजवर तशा लिहून टाक, लोक थांबतात. रविवारी फोन घरी ठेवून जा, दीड तासात कोणाचा केक अडत नाही. पहिले दोन-तीन आठवडे हात शिवशिवेल, शिवशिवू दे.

प्रभुभोजन सोडू नकोस. पौल म्हणतो माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावं, परीक्षा करून घरी जावं असं तो म्हणत नाही. आणि मुलाजवळ बस. त्याला सांग, बेटा तू बरोबर बघितलंस, मम्मी चुकली. हे मला माझ्या मुलांना कधी म्हणता आलं नाही, आज ती 40च्या घरात आहेत, अजून राहूनच गेलंय. तू उशीर करू नकोस.

प्रश्न : मी 71 वर्षांचा, जुनी पलासिया, इंदूर. आमच्या मंडळीत तरुणांनी ड्रम, गिटार, रंगीत दिवे आणले. प्रत्येक गाण्याचा व्हिडिओ काढतात. जुनी भजनं महिन्यातून एखादी होते. मला तर हीच आजची मूर्ती वाटते. कमिटीत विरोध करावा का?

उत्तर : भाऊसाहेब, सलाम. तुमचं दुःख मला परकं नाही, म्हणून माझीच गोष्ट सांगते. मी 22 वर्षं चर्चमध्ये पेटी वाजवली. मग एक कॉलेजचा मुलगा कीबोर्ड घेऊन आला आणि पाळकसाहेबांनी मला प्रेमाने सांगितलं की आता एक आड एक रविवार त्याला देऊ. मी हो म्हटलं आणि घरी येऊन दोन दिवस जेवले नाही. पुढच्या रविवारी बाकावर बसून मी त्याचा प्रत्येक चुकलेला सूर मोजत होते. अकरा. उपासना संपली आणि माझ्या लक्षात आलं की मी एकदाही देवाचं नाव मनापासून घेतलं नाही, फक्त सूर मोजले. आणि मग पुढचं कळलं ते जास्त लागलं, की 22 वर्षांत बरेचदा माझी बोटं पट्ट्यांवर असायची आणि कान मागच्या बाकांवर, कोण वाहवा करतंय. पेटी जुनी होती, भजन ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं होतं, चाल अस्सल मराठी होती, आणि मूर्ती तरीही तिथेच बसलेली होती.

म्हणून मी दिव्यांवर बोट ठेवायला कचरते. आमोसाच्या पाचव्या अध्यायात देव म्हणतो तुमच्या गाण्यांचा गलबला दूर करा, तुमच्या वीणांचा सूर मी ऐकणार नाही. वीणाच होती की ती, ड्रम नव्हता. आणि लगेच पुढे तो म्हणतो न्याय पाण्यासारखा वाहू द्या. त्याची तक्रार वाद्याची नव्हती, बाहेर गरिबाला नाडून आत येऊन गाण्याची होती. आणि ना. वा. टिळकांची भजनं तुम्हाआम्हाला जुनी वाटतात, पण टिळकांचा बाप्तिस्मा 1895 सालचा, त्याआधी ती भजनं नव्हतीच, तीही कधीतरी नवीच होती ना.

व्हिडिओचं मात्र तुमचं मला पटतं. प्रार्थना चालू असताना कोणी समोर येऊन कॅमेरा फिरवतं तेव्हा सगळ्यांचे चेहरे देवाऐवजी कॅमेऱ्याकडे वळतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. ते कमिटीत जरूर बोला, प्रेमाने बोला, उपासनेत शूटिंग नको एवढंच मागा. पण त्याआधी त्या ड्रमवाल्या मुलाला घरी पोह्यांना बोलवा. त्याला एक टिळकांचं भजन तुमच्या आवाजात म्हणून दाखवा आणि विचारा याला ठेका कसा धराल. मी त्या कीबोर्डवाल्या मुलाला असंच बोलावलं होतं, फार उशिरा, पण बोलावलं. त्याने मला विचारलं, आंटी, तुम्ही माझ्यावर नाराज होता ना? मी हो म्हटलं, आणि मग आम्ही दोघांनी मिळून प्रार्थना केली.

प्रश्न : मावशी, मी बुऱ्हाणपूरचा, इंदूरला भंवरकुआत रूम घेऊन पीएससीची तयारी करतोय, तिसरा अटेम्प्ट. मी देवाला नवस केल्यासारखं एका चिठ्ठीवर लिहून बायबलमध्ये ठेवलंय की सिलेक्शन झालं तर पहिला पगार चर्चला आणि नाही झालं तर चर्च कायमचं बंद. रूममेट म्हणतो हे चुकीचं आहे. चुकीचं आहे का?

उत्तर : बाळा, तुझा रूममेट बरोबर बोलतोय, पण तुझ्यावर मी रागावणार नाही. तीन वर्षं त्या छोट्याशा खोलीत, टिफिनचं जेवण, घरून दर आठवड्याला "काय झालं रे" विचारणारा फोन, माणूस सौद्यावर येतोच. पण नीट बघ, त्या चिठ्ठीत देव कुठे आहे? मालक आहे ती पोस्ट, आणि देवाला तू तिच्याकडे पोचवणारा एजंट केलंयस, काम झालं तर कमिशन.

दानीएलाच्या तिसऱ्या अध्यायात नबुखद्नेस्सर राजा सोन्याची मूर्ती उभी करतो, 60 हात उंच, आणि वाजंत्री वाजली की सगळ्यांनी पालथं पडायचं, जो पडणार नाही त्याला पेटत्या भट्टीत टाकायचं. तीन तरुण उभे राहतात. सरकारी अधिकारीच होते ते, बाबेल परगण्याच्या कारभारावर नेमलेले, म्हणजे तुला हवी आहे तशी पोस्ट त्यांच्या हातात होती आणि तीच पणाला लागली होती. ते राजाला म्हणतात आमचा देव आम्हाला भट्टीतून सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही. ते "नाही सोडवलं तरी" मला सगळ्या शास्त्रातल्या सगळ्यात धीट शब्दांपैकी वाटतात, आणि लक्षात घे, ते भट्टीच्या आधी म्हटलेत, सुटल्यावर नाही.

पोस्ट हवी असणं पाप नाही. मन लावून अभ्यास कर, रिव्हिजन कर, देवाकडे ती माग पण, रडून माग. फक्त निकालाच्या दिवसापर्यंत देवाला ताटकळत ठेवू नकोस, या रविवारीच जा, मागच्या बाकावर बसलास तरी चालेल. आणि आईला फोन कर, अभ्यासाचं सोडून दुसरं काहीतरी बोल तिच्याशी.

ती चिठ्ठी फाडू नकोस. तिच्या मागच्या बाजूला "नाही झालं तरी" एवढंच लिही, खाली आजची तारीख टाक आणि परत तिथेच ठेव, दानीएलाच्या तिसऱ्या अध्यायात.